दादाच्या सात गाठी

आमच्या दादाला कुणी दारुडा म्हटलं असतं, तर आमची अख्खी कामतघर वस्ती त्या माणसाच्या अंगावर धावून गेली असती. दादा प्यायचा, पण शुक्रवारीच प्यायचा आणि नियमानं प्यायचा. नियम त्यानंच केलेला होता. त्या नियमाचं कौतुक करणारे म्हातारे लूमवाले मला आजही बाजारात भेटतात आणि मी नुसती मान हलवतो. तो नियम खोटा होता. दादा गेल्यावर चार महिन्यांत मला ते कळलं आणि पुढची अकरा वर्षं मी ते वहिनीला सांगितलं नाही. मी शाळामास्तर. दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढण्यात माझी सगळी नोकरी सरली. स्वतःच्या चुकीवर तीच रेघ ओढायला बसलो की हात जड होतो.

वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि मी नऊ. त्यानं शाळा सोडली, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम धरलं आणि मला शाळेत ठेवलं. पुढे तो जॉबर झाला. जॉबर म्हणजे बिघडलेली लूम ठोकून-ठाकून चालू करून देणारा माणूस. त्याचं शरीर दांडगं, आवाज त्याहून दांडगा, पण बोटं मात्र बाईमाणसाला लाजवतील इतकी नाजूक चालायची. चालू लूमवर ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, तार तुटली की ती जोडायला एक बारीकशी गाठ मारतात. दोन टोकं चिमटीत धरायची, एक पीळ, एक फास, ओढलं की झालं. नवीन कारागिराला ती शिकायला महिना लागतो. दादा ती बोलता बोलता मारायचा, आणि कुठे मारली ते तुम्हाला भिंगानं शोधावं लागायचं.

नियम जन्मला तो त्याच्या शेडमध्ये. आमच्याकडे लूमना शुक्रवारी सुट्टी. शनिवारी सकाळच्या शिफ्टला काही कारागीर सुट्टीची दारू डोक्यात घेऊनच यायचे. असाच एकजण लूमवर उभा राहिला, आडवं सूत नेणारा लाकडी धोटा उडाला, आणि तो वेळेवर बाजूला झाला नाही म्हणून त्याचा एक डोळा गेला. दादा त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेला होता. परत आल्यावर त्यानं शेडच्या दारात एक खिळा ठोकला आणि त्याला सुताची लड टांगली. शनिवारी आत येणाऱ्यानं आधी दादासमोर सात गाठी मारायच्या. सातही आल्या तर ड्युटी, एक जरी सुटली तर खोलीवर जाऊन झोपायचं. "पहले गाँठ, फिर ड्यूटी," तो म्हणायचा, आणि उत्तरेकडून आलेले ते दांडगे पुरुष परीक्षेला बसल्यासारखे त्याच्यासमोर मुकाट उभे राहायचे. पुन्हा त्या शेडमध्ये कुणाचा डोळा गेला नाही. त्यामुळे नियमावर लोकांचा विश्वास बसला, आणि दादाचा तर देवावर बसावा तसा बसला.

मग तो नियम शेडमधून आमच्या घरात आला. दादाचा एक दोस्त दापोड्याला राहायचा. घरची भातशेती होती, खाडीकडची जमीन होती, आणि त्यातल्या थोड्या जमिनीवर त्यानं नुकतंच एक गोदाम उभं केलं होतं. शुक्रवारी दुपारी त्याच्या ओसरीवर चार-पाचजण जमायचे. कोंबडीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि बाटली. माझी शाळा सकाळपाळीची, त्यामुळे मीही शाळा सुटली की दादाच्या स्कूटरवर मागे बसून जायचो. उठायच्या वेळी दादा खिशातून सूत काढायचा. ज्याला गाडी चालवायची त्यानं सात गाठी मारायच्या. ज्याला येत नाहीत त्यानं तिथेच खाटेवर पडायचं, नाहीतर दुसऱ्याच्या मागे बसायचं. दोस्त मंडळीत बहुतेक लूमवालेच, त्यामुळे हा खेळ रंगायचा. आमच्या वहिनीला या नियमाचा फार आधार होता. इतर बायका शुक्रवारी दाराकडे डोळे लावून बसत, ही निवांत डाळ निवडत बसे. "आमचे हे गाठ मारल्याबिगर गाडीला हात लावत न्हाय," असं शेजारणींना सांगायची.

मला ती गाठ कधीच आली नाही. दारू प्यालेलो असताना नाही, न प्यालेलो असतानाही नाही. दादानं दोन उन्हाळे शिकवून पाहिलं आणि नाद सोडला. तेव्हा मला हसू यायचं. सायन्स शिकवणारा मास्तर मी. जी परीक्षा शुद्धीतला माणूसही नापास होतो, ती परीक्षा दारूची कशी असेल, एवढा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. घरात मोठ्या भावानं केलेला नियम होता, आणि मोठ्या भावाची उलटतपासणी करायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

तो शुक्रवार एप्रिलमधला होता. वार्षिक परीक्षा चालू होत्या म्हणून शाळा लवकर सुटली होती, आणि संध्याकाळी पाचला मुख्याध्यापकांनी पेपरांचे गठ्ठे न्यायला घरी बोलावलं होतं. त्यांच्यासमोर तोंडाला वास घेऊन कोण जाणार? मी त्या दुपारी फक्त ताक प्यालो. एक थेंब घेतला नाही. मंडळींनी माझी टर उडवली, ती मी चालवून घेतली. दादा मात्र रंगात होता, कारण त्याचं एक जुनं अडलेलं काम त्या आठवड्यात झालं होतं. साडेअकराला बसला तो चारपर्यंत बसला. मी ग्लास मोजत नव्हतो. पुढे मला ते सगळे ग्लास एकेक करून आठवावे लागले.

चार वाजता मी म्हणालो की आज गाडी मी चालवतो, मी प्यालेलो नाही, शिवाय मला पाचला पोचायचंय. मला स्कूटर येत होती. हळू चालवायचो, पण येत होती. किल्ली माझ्या हातात होती. दादा म्हणाला, "नियम म्हंजे नियम. आधी सात मार." मी म्हटलं, अरे मी ताक प्यालोय. तो म्हणाला की सगळे असंच म्हणतात. ओसरीवर हशा पिकला. मी सूत घेतलं आणि प्रयत्न केला. पहिलीच सुटली. दुसरीही सुटली. तिसऱ्या वेळी तार तुटली. दापोड्याचा तो दोस्त म्हणाला, "मास्तर, तुज्या बोटांना खडूच बरा हाय." पुन्हा हशा. मग दादानं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि न बघता सात गाठी मारून सूत माझ्यापुढे धरलं. सातही अशा बसल्या होत्या की बघत राहावं.

मला राग आला होता. हे मला स्पष्ट लिहायचंय, कारण वाचणाऱ्याला वाटेल मी आदरापोटी किल्ली दिली. आदरबिदर काही नाही. चारचौघांत हसं झालं म्हणून मी चिडलो होतो. घे, तूच चालव, असं म्हणून मी किल्ली त्याच्या अंगावर फेकली आणि तोंड फुगवून मागे बसलो.

दापोड्याहून निघालो तेव्हा ऊन डोळ्यांत खुपत होतं. दादा मागे मान वळवून माझी समजूत काढत होता. संध्याकाळी तुला गठ्ठे आणायला मीच सोडतो, म्हणत होता. रस्त्याच्या कडेला एका गोदामासमोर ट्रक उभा होता. चालता नव्हे, उभा. मागचं फळकं पाडून हमाल कापडाची गाठोडी उतरवत होते. मला तो बराच लांबून दिसला. मी म्हणालो, "दादा, ट्रक." तो म्हणाला, "दिसतोय रे." तसाच पुढे गेला. ब्रेक त्यानं लावलाच नाही. ट्रक त्याला दिसत होता यावर माझा आजही विश्वास आहे. तो किती जवळ आलाय हे त्याला कळत नव्हतं.

माझं गळ्याचं हाड मोडलं आणि डावा पाय कायमचा थोडा लंगडा झाला. दादा सूर्य मावळायच्या आत गेला. त्याच्या आधी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या दंडातून रक्त काढून एका बाटलीत भरलं, वर चिठ्ठी लावली आणि लाखेनं बंद करून पोलिसाच्या ताब्यात दिलं. ते मी शेजारच्या स्ट्रेचरवरून पाहिलं. वहिनी धावत आली ती आठ वर्षांच्या मुलाचा हात धरूनच. तिनं मला एकच विचारलं, "भाऊजी, गाठ मारली होती का?" मी म्हणालो, हो, सातही आल्या. खरं तेच बोललो. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली की मग चूक ट्रकवाल्याची.

पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगत राहिली. हे दारूनं नाही गेले, ट्रकनं गेले, सात गाठी मारून निघाले होते. माझ्याबद्दल तिनं धरूनच चाललं की मीही नेहमीसारखा प्यालेलो होतो. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दापोड्याचा दोस्तही बोलला नाही. दिवसकार्याला आला, तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याच्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

श्रावणात पोलीस ठाण्यातून मला राहिलेला जबाब द्यायला बोलावणं आलं. हवालदार भला माणूस होता. माझ्या जुन्या जबाबात भाऊ शुद्धीत होता असं मी लिहून दिलं होतं. त्यानं प्रयोगशाळेतून आलेला कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, वाचा मास्तर. रक्तात किती दारू निघाली त्याचा आकडा होता. तो मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. वाचणारा लगेच तो आपल्या ग्लासांशी ताडून बघतो आणि आपण बरेच खाली आहोत असं ठरवून मोकळा होतो. एवढंच सांगतो की कायद्यानं जिथे थांबायला सांगितलंय, तिथून तो आकडा फार पुढे गेला होता.

तो आकडा घेऊन मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. हा माणूस सात बारीक गाठी न बघता मारू शकेल का, असं विचारलं. ते म्हणाले, का नाही? तीस वर्षं जे काम केलं ते हात डोक्याला न विचारता करतात. "मास्तर, ज्याला चढत नाही असं वाटतं ना, त्याच्याही रक्तात ती तेवढीच असते. त्याला ती दिसत नाही, एवढाच फरक." मी ताकाचं विचारलं, लिंबाचं विचारलं, डोक्यावर पाणी ओतण्याचं विचारलं. ते म्हणाले, आंघोळीनं माणूस ओला होतो. शरीर आपल्या गतीनं तासाला साधारण एक लहान पेग जाळतं, तुम्ही कितीही घाई करा. पोट भरलेलं असलं तर चढायला वेळ लागतो, पण घेतलेली कुठे जात नाही. प्यायची तर गाडी घरी ठेवायची. याच्यापलीकडे दुसरी परीक्षा नाही.

त्या रात्रीपासून मी हिशेब करत बसायचो. जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर दादाचं वजन लिहायचं, साडेअकरा ते चारपर्यंतचे तास मांडायचे, आठवलेले ग्लास मांडायचे, जळालेले वजा करायचे. दर वेळी उत्तर थोडं इकडेतिकडे यायचं, पण त्या कागदावरच्या आकड्यापासून लांब कधी गेलं नाही. मग मी दुसरा हिशेब करायचो. दादाच्या जागी मला बसवायचो. तिथे मांडायला काहीच नव्हतं. शून्याचा काय हिशेब करणार?

वहिनीला सांगितलं नाही त्याची दोन कारणं मी स्वतःला द्यायचो. पहिलं चांगलं होतं. विधवा बाई चार लूम भाड्यानं चालवून मुलाला वाढवत होती, आणि नवरा शुद्धीत होता या एका गोष्टीवर तिची मान ताठ होती. ती तिच्यापासून हिरावून घ्यायची कशाला? दुसरं कारण खरं होतं. कागदाची गोष्ट निघाली असती की पाठोपाठ विचारणा झाली असती, तिथे शुद्धीत दुसरं कोणी नव्हतं का? शुक्रवारी मी तिच्या घरी जेवायला जात राहिलो. ती मला आवडतं म्हणून सुक्या जवळ्याची चटणी करायची. मी दोनदा मागून घ्यायचो. दारू मी सोडली होती, आणि त्याचंही ती कौतुकच करायची.

पुतण्या एकोणीस वर्षांचा झाला. बापाचं शरीर आणि बापाचीच बोटं. दहावीनंतर शिकला नाही, लूमवर बसला, आणि मोटारसायकल घेतली. एका शुक्रवारी मी जेवून हात धूत होतो तेव्हा तो बाहेरून आला. कुणाच्या तरी हळदीचं दुपारचं जेवण होतं. चालण्यात काही नव्हतं, बोलण्यात काही नव्हतं, पण वास आला. बदलायला शर्ट घेतला आणि म्हणाला की मित्राला टेमघरला सोडून येतो. वहिनी म्हणाली, थांब, आणि तिनं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. मला हायसं वाटलं. मग तिनं कपाटाचा खण उघडला आणि आतून सुताची लड काढली.

त्यानं उभ्या उभ्या, माझ्याशी क्रिकेटचं काहीतरी बोलत, सात गाठी मारल्या. वहिनीनं त्या उजेडात धरून पाहिल्या. तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता. "बापाचा हात हाय," ती मला म्हणाली, आणि तिनं किल्ली त्याच्या हातात ठेवली.

मी पुढे होऊन दारात उभा राहिलो. म्हणालो, किल्ली दे. तो हसला. "काका, सातही आल्यात." मी म्हणालो की सात तुझ्या बापालाही आल्या होत्या. वहिनी म्हणाली, मग तेच तर, म्हणून तर ते शुद्धीत होते. मी म्हणालो, "नव्हता तो शुद्धीत, वहिनी. रक्ताचा कागद मी वाचलाय. त्याच श्रावणात वाचलाय."

तिला आधी ते कळलंच नाही. मग तिनं कागदात काय होतं ते विचारलं आणि मी आकडा सांगितला. तो तिला समजला नसता, म्हणून किती ग्लास होते तेही सांगितलं.  पुतण्या चिडला. बाबा एवढे प्यालेले असते तर गाठी आल्याच नसत्या, शेडमध्ये तीस माणसांवर ही परीक्षा चालली आहे, असं म्हणू लागला. तोंड दादाचंच होतं, हट्टही त्याचाच. शब्दांनी तो ऐकणार नव्हता. मित्र खालून हाका मारत होता.

म्हणून मी त्याच्या हातातून सूत घेतलं. म्हणालो की मी अकरा वर्षं थेंब घेतलेला नाही, हे तुला ठाऊक आहे, आता बघ. आणि मी गाठ मारायला लागलो. पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी तार तुटली. मी म्हणालो, "तुझ्या बाबाच्या नियमानं आत्ता गाडी तू चालवायची आणि मी मागे बसायचं. हे तुला बरोबर वाटतं का, एवढंच सांग."

पोरगं हुशार होतं. तुटलेल्या तारेकडे त्यानं पाहिलं. खिडकीत जाऊन मित्राला रिक्षानं जा म्हणून सांगितलं आणि किल्ली टीव्हीवर ठेवून दिली. जे व्हायला हवं होतं ते झालं होतं. तिथून मी निघून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण वहिनी माझ्या हातांकडे बघत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्हीपण गाठ मारून बघितली होती?"

मी हो म्हणालो.

"आली न्हाय?"

नाही, मी म्हणालो.

"आन् तुम्ही किती घेतली होती?"

खोटं बोलायला अजून जागा होती. दोन ग्लास म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पोरगं ऐकत होतं, आणि त्याला मी नुकतंच खरं काय ते शिकवत होतो. मी म्हणालो की काही घेतलं नव्हतं. ताक प्यालो होतो. किल्ली माझ्या हातात होती, सगळे हसले म्हणून मला राग आला आणि मी ती त्याच्या अंगावर फेकली.

वहिनी खाली बसली. दवाखान्यात बसली होती तशीच, भिंतीला टेकून. तिनं पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. मला वाटलं ती मला घरातून जायला सांगेल, आणि ते मला चाललं असतं. ती मनाशी काहीतरी जुळवत होती. मग वर बघून, हळूच, मला दोष दिल्यासारखं नाही तर विचारून घेतल्यासारखं म्हणाली,

"म्हंजे हे आज असते."

"हो, वहिनी," मी म्हणालो. "असता."